उदमांजर धरलं तेव्हा

आमच्या आईनं मेल्यावर भात शिजवायला सुरुवात केली, असं आमच्या गल्लीचं म्हणणं होतं.

दिवस मावळतीला टेकला की हट्टा गावातल्या आमच्या घराच्या मागच्या अंगाला भाताचा वास यायचा. साधासुधा नाही, जुन्या वासाच्या तांदळाचा, आत्ता झाकण काढलं तर तोंडावर वाफ येईल असा. आणि घरात भात शिजवणारं कुणीच नव्हतं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तिथे एकटे राहत होते आणि गॅसला चहापुरताच हात लावत होते. दोन वेळची भाकर परसातल्या भिंतीवरून शेजारच्या मावशी द्यायच्या. मावशी म्हणजे आईची जन्माची मैत्रीण. दोघी मागेपुढेच सुना होऊन ह्या गल्लीत आल्या आणि त्या बुटक्या भिंतीच्या दोन बाजूंना उभं राहून दोघींनी अख्खा संसार बोलून काढला.

आमच्याकडं रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकर. भात पाव्हण्याला, बाळंतिणीला, नाहीतर तापातून उठलेल्या माणसाला. आईचा पाहुणचार साऱ्या गल्लीला ठाऊक. दारात आलेला माणूस उपाशी परतला तर तिला तो स्वतःचा अपमान वाटायचा. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसालाही तिनं पाटावर बसवून भात वाढलेला मी पाहिला आहे. त्यामुळे गल्लीला अर्थ लावायला वेळ लागला नाही. बिचारीचा जीव पाव्हण्यांत अडकलाय, सांज झाली की येते आणि चुलीवर भात टाकते.

आधी लोक हे हळू बोलत होते. मग संध्याकाळी लेकरं आमच्या बोळातून जाईनाशी झाली. दूधवाला आमचं दूध मावशींच्या दारात ठेवून पळायला लागला. आणि एके दिवशी सकाळी दाराच्या कडीला कुणीतरी लिंबू आणि बिबा बांधून गेलेलं आढळलं. मी त्या शनिवारी हिंगोलीहून आलेलीच होते. मी तिथल्या दवाखान्यात नर्स आहे आणि सुट्टी मिळाली की बस पकडून बापाकडं येते. लिंबू मीच कडीवरून तोडलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सरबत कोणाला पाहिजे?" कुणी बाहेर आलं नाही. तोंडाळ म्हणून माझी ख्याती आहे, आणि ती मी राखून आहे.

आबा मात्र ओरडले नाहीत. नुसते कडीकडं बघत उभे राहिले, आणि मला त्याचीच भीती वाटली.

हा माणूस जन्मभर विजेच्या खात्यात लाईनमन होता. भूत, करणी, भानामती ह्यांच्याशी त्यांचं जुनं वैर. आम्ही बौद्ध, बावीस प्रतिज्ञा आबांना तोंडपाठ, आणि त्या त्यांनी नोकरीतही पाळल्या. एकदा कुठल्याशा खेड्यात घराच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून भानामतीचा बोभाटा झाला होता. आबांनी पत्र्याला टेकलेली कूलरची सोललेली वायर काढून साऱ्यांना दाखवली. त्या घरच्यांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. "लोकाला फॉल्ट सापडलेला आवडत न्हाई," असं आबा नेहमी म्हणायचे, पण फॉल्ट शोधायचं त्यांनी कधी सोडलं नाही.

आता मात्र गोष्ट त्यांच्या स्वतःच्या बायकोची होती. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षाच्या पुण्यस्मरणाला भंतेजी येणार, वंदना होणार आणि सगळी गल्ली आमच्या अंगणात जेवायला बसणार, असं आबांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. ते मला म्हणाले, "माय, जिंदगीभर तिनं ह्या लोकाला खाऊ घातलं. आता तिच्या नावच्या जेवणाला लोक तिलाच भिऊन येणार न्हाईत? हे मी होऊ देणार न्हाई. फॉल्ट सापडलाच पाहिजे." लेकीला माय म्हणायची आमच्याकडं रीतच आहे, पण त्या दिवशी त्यांनी ती हाक जरा जास्तच जोर देऊन मारली.

खरं सांगायचं तर तो वास मलाही आला होता. पहिल्यांदा आला तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावरच्या पातेल्याचं झाकण उचलून पाहिलं. पातेलं कोरडं ठणठणीत होतं. मी झाकण परत ठेवलं आणि तिथेच खाली बसून रडले. भुतावर माझा विश्वास नाही, पण त्या क्षणी भूत असतं तर मला चाललं असतं. हे मी आबांना सांगितलं नाही. त्यांनी मलाच लिंबू बांधलं असतं.

फॉल्ट शोधायचं काम आबांनी पद्धतशीर हाती घेतलं. हळदीचे दिवस होते, गावाबाहेर जागोजाग हळद शिजत होती, म्हणून आधी त्यांनी वाऱ्याची दिशा पाहिली. पण हळदीचा वास वेगळा, तो नाकात बसतो. मग शेजारच्या घरांत कोण काय शिजवतं ह्याची चौकशी झाली. एका सुनेनं त्यांना तोंडावर सांगितलं की आबा, तुम्हाला आमचं जेवण पाहिजे असेल तर सरळ मागा. शेवटी शिडी लावून ते स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढले. पत्र्याखालच्या त्या अंधाऱ्या फळ्यांवर आई गोवऱ्या, जुनी मडकी आणि न लागणाऱ्या सगळ्या वस्तू ठेवायची. आबा खाली आले ते कागदावर काहीतरी घेऊन. वाळक्या लेंड्या होत्या, आणि त्यांत बोराच्या अख्ख्या बिया.

"भुताला बोरं आवडून राहिली का?" आबा म्हणाले. बऱ्याच महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं.

त्यांनी जवळच्या बंजारा तांड्यावरच्या काकांना फोन लावला. काका आबांचे जुने दोस्त. तांड्याला पहिल्यांदा वीज आली तेव्हा आबांबरोबर खांब ओढायला हेच होते. काकांचे वाडवडील बैलांवरून धान्य-मीठ वाहायचे, आणि तो सगळा प्रवास जणू आपणच केला अशा थाटात काका बोलतात. ते मोटारसायकलवर पिंजरा बांधून आले. लोखंडी जाळीचा, शेळीचं करडू सहज मावेल एवढा. आतल्या पाटीवर पाय पडला की खटका सुटायचा आणि दार धाडकन खाली यायचं. कोंबड्या नेणाऱ्या रानमांजरासाठी त्यांनी तो करून घेतला होता, आणि त्यात रानमांजर कधीच सापडलं नव्हतं. ही गोष्ट आम्हाला नंतर कळली.

लेंड्या बघून काका म्हणाले, "उदमांजर हाय. शिंदीच्या झाडाला मडकं लावलं तर शिंदी पिऊन झिंगतं ते. आमच्या आज्यानं एक असंच झिंगलेलं उचलून घरी आणलं व्हतं." त्यांच्या आज्यानं ह्या जगात काय काय उचलून घरी आणलं होतं, त्याला काही सुमार नाही. पण पुढं ते म्हणाले ते महत्त्वाचं होतं. "भाताचा वास त्याच्याच अंगाला येतो. जिथं घासतं तिथं वास ठेवून जातं. रानात असा वास आला की आमची म्हातारी माणसं म्हणायची, उदमांजर गेलं हितून."

आबांनी मांडीवर थाप मारली. फॉल्ट सापडला होता.

पत्र्याखालची फट बुजवली की काम संपलं, असं मी म्हणाले. आबांना ते पटेना. फट बुजवून वास गेला असता, पण बोलणं गेलं नसतं. लोक म्हणाले असते, लाईनमननं बायकोचं भूत गुपचूप उतरवून घेतलं. त्यांना जनावर धरून गल्लीसमोर ठेवायचं होतं. ज्यांनी लिंबू बांधलं त्यांच्या नाकाला तो वास लावायचा होता. मी त्यांना कायदा सांगितला. असली जनावरं धरता येत नाहीत, शिकार तर लांबच. तेव्हा त्यांनी वनखात्याच्या माणसाला गाठलं. वनरक्षक भला होता. पिंजरा लावा, मात्र जनावराला इजा होता कामा नये, सापडलं की लगेच मला बोलवा, मी येऊन सोडतो, असं तो म्हणाला. आपण काय करतोय हे आबांनी त्याला सांगितलं. का करतोय ते सांगितलं नाही.

काकांनी पिंजऱ्यात सुकट टाकली. सकाळी पिंजऱ्यात मावशींचा बोका होता. मावशी भिंतीवरून वाकून म्हणाल्या, "भाऊ, माझा बोका भात शिजवून राहिला व्हता का?" आबांनी न बोलता दार उचललं. त्या दिवसांत ते मावशींशी बोलत नव्हते. मावशींची भाकर मात्र घेत होते.

ह्याला कारण होतं. रोज सांजेला तो वास आला की मावशी भिंतीशी येऊन उभ्या राहायच्या, एक हात भिंतीवर ठेवायच्या आणि आमच्या स्वयंपाकघराच्या दिशेनं हळूहळू काहीतरी बोलायच्या. मीही एकदा पाहिलं. "बाई गं," एवढंच मला ऐकू आलं. बाकीचं पुटपुटणं होतं. मी मोठ्यानं खाकरले तशा त्या आत गेल्या. सगळ्या अफवेचं मूळ ही बाई आहे, असं आबांचं ठाम मत झालं होतं. हिनं भुताशी गप्पा मारल्या, त्या बघून गल्ली भ्यायली. मलाही तेच वाटत होतं, आणि मावशींचा मला इतका राग आला होता की त्यांनी दिलेली शेंगदाण्याची चटणी मी त्या खेपेला हिंगोलीला नेली नाही. नंतर त्या चटणीची फार आठवण आली.

दुसऱ्या वेळी काकांनी अंडं ठेवलं आणि मुंगूस सापडलं. ही बातमी पसरताच जी लेकरं आमच्या बोळात फिरकत नव्हती ती धावत आली आणि मुंगसाला तोंड दाखव म्हणून रामाची शपथ घालायला लागली. एक बाई तर मुंगूस दिसणं शुभ म्हणून मुद्दाम दर्शनाला आली. "शुभबिभ काही न्हाई, दात बघा त्याचे," असं आबा तिला समजावत होते, आणि तेवढ्यात पिंजऱ्याचं दार त्यांच्या अंगठ्यावर पडलं. मुंगूस पळालं. मी आबांना धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि हात जरा जड ठेवला.

"गड्या," आबा अंगठा धरून काकांना म्हणाले, "लेंड्यांत बोराच्या बिया हायेत अन् तू सुकट अन् अंडे घालून राहिला. त्याला फळ पाहिजे फळ."

"मी तेच म्हणत व्हतो," काका म्हणाले. ते असं काहीही म्हणत नव्हते.

मग पिकलेली केळी आली. आणि घाई करायची नाही, हे आबांनीच ठरवलं. पिंजरा माळ्याच्या शिडीपाशी ठेवला, राख चोळून जाळीला लागलेला माणसाचा वास घालवला, दार तारेनं वर बांधून टाकलं आणि खटका काढूनच ठेवला. जनावरानं यावं, खावं, जावं. भीती मोडली की मग खटका लावायचा. आठवडाभर आबा मला फोनवर त्याच्या जेवणाचा हिशेब देत होते. आज केळी खाल्ली, पण सालं बाहेर आणून टाकली. आज पपई दिली, पपई फार आवडली दिसते. आवाज असा की घरी कुणी जावई उतरलाय.

"अन् तुमी काय खाल्लं?" मी विचारायची.

"मी खाल्लं की," ते म्हणायचे आणि परत पपईवर यायचे.

पुढच्या शनिवारी रात्री आबांनी खटका लावला. रविवारी सकाळी मी हट्ट्यातच होते. आबांची हाक आली, "घावलं!" आणि मी केसाला पिन लावत धावले. पिंजऱ्यात कोपऱ्याला अंग चिकटवून ते बसलं होतं. मांजरापेक्षा लांब, मुंगसापेक्षा भारी. राखाडी-काळे राठ केस, डोळ्यांभोवती चोरानं पट्टी बांधावी तसा काळा डाग, आणि अंगाएवढी लांब शेपटी. ओल्या नाकानं ते हवा हुंगत होतं. मला त्याची दया आली आणि त्याच वेळी थोडा रागही आला. एवढ्याशा जनावरासाठी माझ्या आईला सारी गल्ली भूत म्हणत होती.

वनरक्षकाला फोन केला. तो दुसऱ्या गावी होता. त्यानं सांगितलं की पिंजऱ्यावर पोतं टाका, सावलीत ठेवा, कुणाला जवळ येऊ देऊ नका, मी येतोच. आबांनी फोन ठेवला आणि पिंजरा उचलून सरळ गल्लीच्या तोंडाशी, कडुलिंबाखालच्या ओट्यावर नेऊन ठेवला. मी म्हणाले, "आबा, पोतं." ते म्हणाले, "थांब माय, पाच मिनिटं."

गल्ली जमायला पाच मिनिटंही लागली नाहीत. लोकांनी मोबाईल वर धरले. आबांनी धुतलेला सदरा घातला होता, त्याच्या बाह्यांच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. ते ओट्यावर चढून बोलायला लागले. "हे बघा, हे आमच्या घरचं भूत. ह्याला उदमांजर म्हणतात. तुमी ज्याला भात म्हणता तो ह्याच्या अंगाचा वास हाय. माझी बायको जिवंत होती तवा कुणाच्या वाईटात नव्हती, अन् आता..."

तेवढ्यात कुणीतरी जाळीवर काठी आपटली. जनावर फिसकारलं, गिरकी घेतली, आणि एक वास सुटला. तो भाताचा नव्हता. इतका घाण, सडका, डोळ्यांत पाणी आणणारा वास मी दवाखान्यात इतकी वर्षं काढूनही घेतलेला नव्हता. पुढची रांग मागच्या रांगेवर पडली. बायांनी तोंडाला पदर लावले. मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, तुमचा भात करपला वो!" आणि सगळी गल्ली खो खो हसत सुटली. हसत हसतच लोक पांगले. दोन बाया जाता जाता बोलत होत्या ते मी स्वतः ऐकलं, "ह्यो वास निराळा, तो निराळा. ती येतेच."

तांड्यावरचे काका नाक दाबून म्हणाले, "भ्यालं की असंच करतं ते. आमच्या आज्यानं आणलं व्हतं तवा..." आबांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की आज्याची गोष्ट पहिल्यांदाच अर्धी राहिली. चहा पिऊन येतो म्हणून काका गेले.

आबा ओट्यावर बसून राहिले. मी पिंजऱ्यावर ओलं पोतं टाकलं, दोघांनी मिळून तो परसात आणला आणि भिंतीच्या सावलीत ठेवला. मला बापाकडं बघवत नव्हतं. मी अंगण झाडत राहिले, झाडून झालं तरी झाडत राहिले.

बराच वेळ गेला. आत जनावर शांत झालं असावं, पोत्याला अंग घासल्याचा खसखस आवाज येत होता. मग हळूच, चोरपावलांनी, तो वास आला. भाताचा. भर सकाळी, उन्हात, आमच्या परसात. आबा ताडकन उठले, पोत्यावर वाकले, नाक लावलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आला! हाच तो! माय, बघ, हाच तो!" आणि मान वर करून माणसं शोधायला लागले. पुरावा आता हातात होता आणि बघायला कुणी नव्हतं. फक्त भिंतीपलीकडे मावशी उभ्या होत्या, हातात भाकरीचं ताट.

आबांनी त्यांच्यावरच तोफ डागली. "या! या हिकडं! घ्या वास! हेच ना तुमचं भूत? रोज भिंतीला लागून हिच्याशी बोलता ना तुमी? माझ्या बायकोला साऱ्या गावात हडळ करून टाकली. मेली ती! माझी बायको मेली! कळतंय का तुमाला? ती येत न्हाई, कधीच येणार न्हाई!"

शेवटचे शब्द बोलताना त्यांचा आवाज फाटला. वर्षभरात हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. आजवर ते "तुझी आई गेल्यावर" असं म्हणायचे, जणू ती माहेरी गेली होती.

मावशींनी ताट भिंतीवर ठेवलं. त्या चिडल्या नाहीत.

"मला म्हाईत न्हाई का भाऊ?" त्या म्हणाल्या. "तिला शेवटची आंघोळ म्याच घातली."

आबांनी पोत्यावरचा हात काढून घेतला.

"अन् ह्या जनावराचं म्हणाल तर म्या ते पयल्याच हप्त्यात पत्र्यावर चढताना पाहिलं व्हतं. लोकाला सांगितलं बी. लोकाला ऐकायचं नसतं. तुमाला सांगायला आले तर तुमी दार लावून बसलेले."

"मग काहून बोलता रोज?" आबांनी विचारलं. आवाजात आता भांडण नव्हतं, खरोखरच विचारलं होतं.

"वास आला की तिची आठवण येते. आठवण आली की बोलते. त्याला भूत कशाला पाहिजे?"

मी केरसुणी खाली ठेवली. मावशींवर काढलेला सगळा राग माझ्या तोंडावर येऊन आपटला होता.

आबांनी विचारलं, "काय बोलता तिच्याशी?"

"काय बोलणार? सून कशी वागली, हळद किती झाली." मग मावशी ताटाकडं बघून म्हणाल्या, "अन् तुमी जेवले का न्हाई, ते सांगते. जाताना तिनं तेवढंच माझ्यावर टाकलं व्हतं. ह्यांच्या जेवणाकडं बघ म्हणाली."

"मग... काय सांगता?"

"खरं सांगते. सकाळची भाकर खाल्ली, सांजची गल्लीतल्या कुत्र्याला घातली. मला काय दिसत न्हाई का, भाऊ? कुत्रं केवढं माजलंय."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. मी नर्स आहे, शनिवारच्या शनिवार त्यांचं ब्लडप्रेशर बघत होते, आणि त्यांचा सदरा खांद्यावर लोंबायला लागलाय हे मला त्या दिवशी दिसलं. ते पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसले, गुडघ्यांत मान घातली आणि रडले. मावशी भिंतीवर हात ठेवून तशाच उभ्या होत्या. आबांना थांबवायला आम्हा दोघींपैकी कुणीच गेलं नाही.

वनरक्षक आला तेव्हा ऊन चढलं होतं. पोतं उचलून त्यानं जनावराला नीट पाहिलं, कुठं लागलेलं नाही म्हणाला. ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडांत सोडू, पण ह्यांना आपली जागा पाठ असते, परत येईलही, फट तेवढी बुजवून घ्या, असं त्यानं बजावलं. आबा त्याच्या गाडीवर मागं बसून ओढ्यापर्यंत गेले. आल्यावर मी विचारलं, कसं गेलं? "मागं वळूनसुद्धा पाहिलं न्हाई," ते म्हणाले. पत्र्याखालची फट मात्र त्यांनी बुजवली नाही. आज करतो, उद्या करतो असं चाललं, आणि मीही मागं लागले नाही.

पुण्यस्मरणाच्या दिवशी सकाळपासून आमचा जीव टांगणीला लागला होता. आबांनी अंगणात मांडव घातला, पंक्तीच्या पट्ट्या अंथरल्या. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, वंदना झाली. बोळाच्या तोंडाशी माणसं घोटाळत होती, आत यायला कुणी धजत नव्हतं. तेव्हा मावशी उठल्या, आपल्या सुनेला आणि नातवंडांना घेऊन पहिल्या पट्टीवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वाढा बरं, भूक लागली." मग काका बसले, ते तर दोन माणसांची जागा घेऊन बसले. मग एक घर आलं, त्याच्यामागं दुसरं. लोकांना शेवटी भूत पटलं होतं की उदमांजर, मला ठाऊक नाही. मावशी बसल्या म्हणून बसले, असंच मला वाटतं. ज्यानं लिंबू बांधलं तोही त्यांतच कुठंतरी वरण ओरपत असणार.

आबा वाढत होते. सगळ्या पंगती उठल्या, दुपार कलली, तेव्हा मी त्यांचा हात धरून त्यांना पाटावर बसवलं आणि ताट पुढं ठेवलं. भांडी घासणाऱ्या बाया, पान खात बसलेले बाप्ये, भंतेजी, सगळे अंगणात होते. आबांनी खाली मान घालून जेवायला सुरुवात केली. भाकर संपवली, भाजी संपवली, दुसऱ्यांदा भात मागून घेतला, ताट बोटानं पुसून काढलं. मग ते उठले, हात धुतला, आणि जन्मभर भुताखेतांशी भांडलेला माझा बाप सगळ्या गल्लीदेखत मावशींसमोर जाऊन उभा राहिला.

"सांजेला तिला सांगा," ते म्हणाले. "पोटभर जेवलो म्हणून."